चार बोटं आखूड सावली

उत्तम, तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी राग आला. रडू मागून आलं. राग कशाचा, तर आपला वाद अर्धा टाकून गेलास याचा. पाच वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत होतो. दर वेळी तू हसायचास, पानाची चंची माझ्यापुढं सरकवायचास आणि म्हणायचास, "तिलाच इचार की, अप्पा." अरे, तिला कसं विचारू? मंगल तुझी विद्यार्थिनी, मी हेडमास्तर. आपल्याच मास्तरची चुगली पोरीकडून काढून घ्यायची, हे शोभतं का? पण आता तू नाहीस म्हटल्यावर काल विचारावंच लागलं. काय उत्तर मिळालं ते सांगायलाच बसलोय.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला शाळेचं पटांगण माणसांनी भरलं होतं. वंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. एक जण म्हणाला, "सर अत्यंत शांत आणि मनमिळाऊ होते." मी खुर्चीत चुळबुळलो. मनमिळाऊ? तू? ट्रेनिंग कॉलेजात माझ्या शेजारच्या खाटेवर वळकटी टाकलीस त्या दिवसापासून तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस. मी वाण्याचा पोरगा, दुकानात वाढलेला. जे ठरलंय ते ठरलंय, त्यात खुसपट काढायचं नाही. तुझ्या बापानं तुला बजावलेलं, कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही. दोघं चकलांब्याच्या अलीकडच्या या एकाच शाळेत आलो. मी हेडमास्तर झालो, तू विज्ञानाचा मास्तरच राहिलास. आणि माझ्या खोलीत येऊन मलाच "का बे अप्पा" म्हणणारा अख्ख्या गावात तू एकटा.

म्हशीची गोष्ट तुझ्या घरी वहिनींना कधी सांगितली होतीस का? मी नव्हती सांगितली कुणाला. मी तुझा वर्ग तपासायला आलतो. शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसलो, तर तू पोरांसमोर मलाच विचारलंस, "गुरुजी, म्हशीला वरच्या जबड्यात पुढं दात किती?" मी म्हणालो, "खाली असतील तेवढेच वर." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. एक बारकं पोरगं उठून म्हणालं, "गुरुजी, एक बी न्हाई. वर नुसती हिरडी हाय. आमी बघितलं." मला वाटलं माझी टिंगल चालली आहे. संध्याकाळी घरी गेलो आणि दावणीला जाऊन म्हशीचा ओठ वर केला. तिनं अशी मुंडी झटकली की धोतर लाळेनं माखलं. आमची मंडळी दारातून ओरडली, "अवो, तिला काय ताप आलाय का? कावून तोंडात हात घालताव?" ताप मला आलता. पन्नाशीला आलेला माणूस, जन्मभर म्हशीचं दूध प्यालेला, आणि तिच्या तोंडात काय आहे ते ठाऊक नव्हतं. वर खरंच नुसती हिरडी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत भेटलो. तू माझ्या कोपरावर म्हशीनं केलेला ओरखडा तेवढा बघितलास.

तुझी ती वही मला कधीच पटली नव्हती. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. पोरांनी कावळ्याचं घरटं बघितलं की तार, काड्या, चिंधी हे डावीकडं. कावळा हुशार आहे, हे उजवीकडं. डावीकडच्या खान्यात कुणी ऐकीव गोष्ट लिहिली की तू नुसतं विचारायचास, "कवा बघितलंस? कुठं उभा होतास?" पोरगं वरमायचं आणि खोडून उजवीकडं लिहायचं. मी म्हणायचो, "उत्तम, अभ्यासक्रम कधी संपायचा बे?" तू म्हणायचास, "संपवायचा कशाला? पोरं लागलीत ना कामाला."

आणि मी तरी काय केलं होतं! वरून शाळेला विज्ञानपेटी आलती. भिंग, परीक्षानळ्या, लोहचुंबक, तराजू, सगळं कोरं करकरीत. मी ती कपाटात घालून कुलूप लावलं. फुटलं-तुटलं तर डेडस्टॉकच्या रजिस्टरात काय लिहायचं? तपासणीला साहेब आले की कुलूप काढायचं, पेटी दाखवायची, पुन्हा कुलूप. तू तीन वेळा मागितलीस, मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्या वेळी तू आला नाहीस. बाभळीच्या काठ्या तोडून आणल्यास आणि पोरांना म्हणालास, "पेटी कपाटात ऱ्हाऊ द्या. सूर्य तर मोकळा हाय."

त्या वर्षांत सगळंच खुलं होत चाललं होतं. एसटी स्टँडवर पिवळ्या पाटीचा फोन आला, टपरीवर काळं गोड पाणी बाटलीत मिळायला लागलं, गेवराईत इंग्रजी शाळेची गाडी पोरं उचलायला फिरायला लागली. पेपरात रोज लिहून यायचं, की आता जगातलं सगळं ज्ञान आपल्या दारात येणार. आणि दसरा झाला की आपल्या सातवीची अर्धी बाकं रिकामी व्हायची. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि आपली पोरं. ऊसतोडीला कुणी कोल्हापूरकडं, कुणी जवळच कड्याच्या कारखान्याला. चैत्रात परत यायची, काळवंडलेली, हातापायावर उसाच्या पातीचे चरे. तोवर परीक्षा तोंडावर असायची. मी हजेरीपट बघायचो आणि नापास करायचो. बाकीच्या शाळांत काय चालायचं ते मला माहीत होतं, खोट्या हजेऱ्या लावून वर ढकलायचे. मी खोटं लिहिलं नाही कधी. त्याचा मला अभिमान होता. त्या अभिमानापायी किती पोरं कोयत्याला लागली, ते मी मोजलं नव्हतं.

मंगल सहावीत होती तेव्हा तू पहिल्यांदा हा घाट घातलास. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी पोरांना कंबरेएवढ्या सारख्या काठ्या दिल्यास. म्हणालास, जिथं जाल तिथं संक्रांतीच्या दिवशी काठी उभी रोवा. सूर्य डोक्यावर यायच्या आधीपासून सावलीच्या टोकाला खडे ठेवत जा, आणि सगळ्यात आखूड सावली मोजून आणा. संक्रांत निवडलीस, कारण फडात कॅलेंडर नसलं तरी संक्रांत चुकत नाही. मी म्हणालो, "त्यांच्या आईबापाला भाकर सुदरत न्हाई, अन् तू काठ्या देतूस व्हय?" तू म्हणालास, "काठी वैरणीत खोसून न्यायची, अप्पा. वजन कितीसं होतंय?"

आणि तो सगळा घोटाळा! चैत्रात पोरं आली, तर प्रत्येकाचं माप वेगळं. मंगल लांब कोल्हापूरकडं गेलती, ती म्हणे तिकडं सावली मोठी. कड्याला गेलेला रशीद म्हणे लहान. मी खुशीत आलो. म्हणालो, "झालं? वर्ष वाया." तू मात्र नाचायचाच बाकी होतास. पोरांनी वितीनं मोजलं होतं, ज्याच्या-त्याच्या वितीनं! मंगलची वीत चिमणीएवढी, रशीद अंगानं दांडगा. तू सगळ्या वर्गाचे हात चुन्यात बुडवून शाळेच्या मागच्या भिंतीवर उठवलेस. एकाचा पंजा दुसऱ्याला जुळेना. "बघा," म्हणालास, "आपण सूर्याला दोष देत होतो, अन् चूक आपल्या हातात होती." भिंत खराब केली म्हणून मी तुला लेखी खुलासा मागितला. तू दिलास. एकाच ओळीचा, "भिंतीवर पुरावा आहे."

पुढच्या दसऱ्याला मंगल सातवीत. त्या वर्षी तू एकाच रिळाचा दोरा सगळ्यांना दिलास. सावली मोजायची नाही, दोरा सावलीवर ताणून टोकाला गाठ मारायची, बस. ती गाठ घरी आणायची.

चैत्रात ती आली, आणि आपलं खरं भांडण झालं. तिचा बाप किसन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "गुरुजी, पास झाली तर उमापूरच्या हायस्कुलात घालतो. तिच्या मामाचं घर हाय तिथं. न्हाई झाली तर मंग... पुढल्या दसऱ्याला कोयता द्यावाच लागंल हातात. पोरगी मोठी झाली." तो इमानदारीत बोलत होता. मी हजेरी काढून दाखवली. दसऱ्यापासून कोरी. म्हणालो, "मी हिला परीक्षेला बसवणार नाही."

तू आत आलास, किसनला बाहेर पाठवलंस आणि दार लावलंस. इतकं चिडलेलं मी तुला त्याआधी बघितलं नव्हतं.

"अप्पा, तिनं पाच-सहा महिने शाळा केली. तुझ्या शाळेत न्हाई केली, एवढंच."

"उन्हात काड्या रोवणं म्हंजे शाळा न्हाई."

"मंग शाळा म्हंजे काय? कुलूप?"

ते वर्मी लागलं. मी म्हणालो, "ठीक हाय. उद्या केंद्रप्रमुख येणार हायेत. त्यांच्यासमोर मी तोंडी घेतो तिची. जमलं तर बसवतो परीक्षेला, न्हाई जमलं तर तू पुन्हा नाव काढायचं न्हाई." तू "कबूल" म्हणालास.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत साहेब बसले, शेजारी मी, किसन दाराबाहेर, आणि तू दाराच्या चौकटीला टेकून. मंगल आली ती तीन काठ्या, तीन दोरे, एक पाट आणि लाल भोपळ्याचं अख्खं डांगर घेऊन. साहेब म्हणाले, "हे काय, भाजी करायची का?" मीही हसलो. ती हसली नाही.

तिनं आधी काठ्या एकीला एक लावून दाखवल्या. सारख्या. मग तिन्ही दोरे जमिनीवर शेजारी-शेजारी ताणले. पहिला शाळेतला, संक्रांतीला तू मोजलेला. दुसरा रशीदचा, कड्याचा. अर्धं-पाऊण बोट आखूड. तिसरा तिचा. चार बोटं आखूड. एकच दिवस, सारखीच काठी, आणि सावली चार बोटं कमी.

मी तुटून पडलो. "काठी वाकडी रोवली असशील."

"न्हाई गुरुजी. दोऱ्याला खडा बांधून शेजारी सोडला होता."

"जमीन उतरती असंल."

"थाळीत काठोकाठ पाणी घालून ठिवली होती. सांडलं न्हाई."

"अन् फडात तुला हे करू दिलं कुणी?"

"आईनं. माझ्या मोळ्या तिनं बांधल्या तेवढ्या वेळ."

बाहेर किसन खोकला. साहेब पुढं सरकून बसले होते. त्यांनी विचारलं, "मग सावली कमी का झाली?"

ती व्हरांड्यात उन्हात गेली, आम्ही मागोमाग. पाटावर तिनं मेणानं काडेपेटीच्या दोन काड्या उभ्या चिकटवल्या. दोन्हींच्या सावल्या सारख्या. मग तशाच काड्या डांगरावर खोचल्या, एक वर, एक बाजूला सरकवून. सावल्या कमी-जास्त झाल्या. "पाटावानी सपाट असतं तर तिन्ही दोरे सारखे आले असते," ती म्हणाली. "म्हणून मला वाटतं जमीन डांगरावानी हाय."

साहेब खूश झाले. "शाबास! पृथ्वी गोल आहे, पुस्तकातही आहेच." त्यांनी पेनचं टोपण काढलं. तुझ्या शाळेचा, तुझ्या काठ्यांचा, तुझा विजय झाला होता, उत्तम. मी मनातल्या मनात हजेरीचा कागद घडी घालून ठेवला होता.

आणि ती पोरगी म्हणाली, "पर साहेब, हे नक्की न्हाई."

साहेबांनी मान वर केली. ती म्हणाली, "पाचटाच्या कोपीत मी रॉकेलची चिमणी जवळ धरून बघितलं. दिवा जवळ असला की सपाट पाटावर बी सावल्या कमी-जास्त पडतात. दिव्याजवळच्या काडीची बारकी, लांबच्या काडीची मोठी. सूर्य लई लांब असंल तर जमीन डांगरावानी. जवळ असंल तर सपाट बी चालंल. सूर्य किती लांब हाय ते मी बघितलं न्हाई. ते अजून मला म्हाईत न्हाई."

साहेबांचं पेन थांबलं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे मुख्याध्यापक, उत्तर अर्धवटच म्हणायचं." दाराशी किसननं कपाळाला हात लावला. मी तुझ्याकडं बघितलं. तू बाहेर, पार लिंबाच्या झाडाकडं बघत होतास. तोंड पांढरं पडलं होतं तुझं.

उत्तम, तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारत आलो. ज्यांना येतं ती पोरं बोलतात, ज्यांना येत नाही ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतात. 'मला माहीत नाही' हे छाती पुढं काढून सांगणारं पोर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नुसतं माहीत नाही असं नाही, तर काय माहीत नाही, का माहीत नाही आणि काय बघितलं की माहीत होईल, हे सगळं! तेही अशा वेळी, की गप्प बसली असती तर काम झालंच होतं. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, उत्तर पुरं हाय. माझ्या नोकरीत इतकं पुरं उत्तर मला कुणी दिलं न्हाई. ती परीक्षेला बसणार." साहेबांनी पेनचं टोपण लावलं आणि ते म्हणाले, "बसवा." मग मी आत गेलो, कपाटाचं कुलूप काढलं आणि विज्ञानपेटी उचलून तुझ्या वर्गात नेऊन ठेवली. पोरांनी पहिल्याच आठवड्यात दोन नळ्या फोडल्या. मी रजिस्टरात लिहिलं, 'वापरात फुटल्या.' सही केली तेव्हा लई बरं वाटलं.

मंगल पास झाली. उमापूरला गेली, दहावी झाली, आता बारावी सायन्सला आहे. तिच्यामागून दर वर्षी दोरे आले. ऊसतोडीची पोरं परत आली की गावातली पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, "तुझी गाठ दाखव" म्हणून. जी पोरं परत आल्यावर मागच्या बाकावर तोंड लपवून बसायची, तीच फळ्यासमोर उभी राहून बोलायला लागली. मीही नापास करायचं सोडलं. आल्यावर त्यांची तोंडी घ्यायचो, आणि खरं सांगू का, मलाच त्यांच्याकडून शिकायला मिळायचं. किती हेडमास्तरांच्या नशिबी असली शाळा येते? ती तू मला दिलीस. आणि "उत्तम, तुझं बरोबर होतं" हे एवढं वाक्य मी तुला कधी म्हणालो नाही. हजार वेळा ओठांवर आलं, दर वेळी मी चहा पाजून भागवलं. आज म्हणतो. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं, आणि माझ्या चुकण्यानं काही पोरांचं वाटोळं झालं, तेही खरं आहे.

पण तो प्रश्न राहिलाच होता. ते शेवटचं, चिमणीचं, तू तिला पढवलं होतंस का? मला तसंच वाटायचं. वाटायचं, एवढी पोरगी आपल्या मनानं असं बोलणं शक्य नाही, उत्तमनंच साहेबांवर छाप पाडायला ते घोकून घेतलं असणार. मी विचारलं की तू हसायचास. त्या हसण्यानं माझा संशय वाढायचा.

काल भाषणं संपल्यावर मंगल माझ्या पाया पडायला आली. डोळे सुजलेले. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. ते चिमणीचं सरांनी शिकवलं होतं का तुला?"

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "गुरुजी, तुमाला सरांनी सांगितलं न्हाई? मी आदल्या दिवशी ते सगळं सरांना करून दाखवलं होतं. सर लई घाबरले. म्हणाले, मंगल, डांगरापर्यंत बोल अन् गप बस. चिमणीचं काढू नको. साहेब नापास करतील, तुझा बाप तुला फडात नेईल. हात जोडले हो त्यांनी मला."

"मग?"

"मग काय. दिसलं होतं ना मला."

असं का, उत्तम! म्हणून तू लिंबाकडं बघत होतास होय? म्हणून पाच वर्षं हसून टाळत होतास? जन्मभर पोरांना शिकवलंस, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आणि एका पोरीच्या काळजीनं तुझेच पाय लटपटले. मी तुला हसणार नाही. तिच्या जागी माझी लेक असती तर मीही हातच जोडले असते.

भाषणांची यादी संपली होती, तरी मी पुन्हा माईक मागून घेतला आणि सगळ्या गावाला हे सांगितलं. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि रडता-रडता हसत होत्या. मी सांगितलं, की हा माणूस त्या दिवशी घाबरला होता, त्यानं पोरीला खरं लपवायला सांगितलं होतं, आणि पोरीनं त्याचं ऐकलं नाही. तूच शिकवलेल्या पोरीनं, तुझ्याच तोंडावर, तुझं ऐकलं नाही! अरे, याहून मोठी जीत कोणत्या मास्तरला मिळाली, सांग ना बे.